दीड दिवसाचं काळीज

दार लोटून घे आणि बस, जरीना. चहा येईलच. आतल्या खोलीची किल्ली मी तुला देत नाही म्हणून तू स्टाफरूममध्ये कुरकुर करतेस, सगळं कानावर येतं माझ्या. ही बाई खोली अडवून बसलीय असं वाटतंय ना? वाटू दे. पण कारण ऐकून जा.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. प्राणिशास्त्राचा आपला विभाग तेव्हा एवढुसा होता. माळावरचा वारा खिडक्यांतून घुसायचा आणि फॉर्मॅलिनचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. मी घोरपडे सरांच्या हाताखाली कोंबडीच्या गर्भावर काम करत होते. अंडं उबवायचं, दीड दिवसानं फोडायचं. तांदळाएवढ्या त्या जिवाला हातपाय नसतात, पण काळीज धडधडायला लागलेलं असतं. तो जीव मारायचा, लाल रंगात रंगवायचा, काचपट्टीवर राळेत कायमचा बंद करायचा. अशा स्लाइडी वर्षानुवर्षं टिकतात.

मला तेव्हा सातवा महिना होता. आधीची दोन तिसऱ्यातच गेली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "लीलाबाई, यानंतर नाही हं." नवरा, बाळासो, बिद्रीच्या साखर कारखान्यात केमिस्ट. शनिवारी यायचा आणि पोटाला कान लावून बसायचा, वेडा. हे मूल मला हवं होतं, बस्स. पीएचडी चुलीत गेली तरी चालेल, इतकं हवं होतं.

त्यातच परदेशी मासिकानं आमचा पेपर घेतल्याची बातमी आली. विभागातला पहिलाच! सर नाचायचेच काय ते बाकी होते. ऑफिसातल्या अक्का म्हणाल्या, "पेपरचं पेढं आन् लीलाचं डोहाळजेवण एकदमच उरकू की! उगं दोनदा कशाला?" सगळ्यांनी ते उचलून धरलं. सर मला म्हणाले, "छापायला फोटो पुन्हा काढावा लागेल. तेवढी स्लाइड तपासून ठेवा."

एवढंच काम. दुपारची वेळ, बाहेर भुरभुर पाऊस. मी आतल्या खोलीत गेले, मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि डोळा टेकवला.

ते धडधडत होतं.

वर्षापूर्वी माझ्याच हातानं मारलेलं, राळेत गाडलेलं. लाल ठिपका आवळत होता, सुटत होता, आवळत होता... डोळे चोळले, काच पुसली. ठोका चालूच. खोलीत लवंगेच्या तेलाचा वास होता, आमच्या कामातलाच.

मग ध्यानात आलं, पोटातलं हलत नाहीये. दुपारी जेवले की लाथा झाडणारं पोर, अगदी निपचित. पोट दाबलं, उठून चालून पाहिलं. काही नाही. घाबरून दिवा मालवला, आणि आतून सण्णकन लाथ बसली.

मी शास्त्र शिकलेली बाई. पुन्हा दिवा लावला. काचेखाली ठोका, पोटात शांत. मालवला. पोटात लाथ. तिसऱ्यांदा करून बघायची माझी छाती झाली नाही.

स्लाइड कपाटात कुलूपबंद केली आणि तडक सरांना सांगितलं. सर हसले. "राळेत हवेचा बुडबुडा असेल, दिव्याच्या उष्णतेनं हलतो. अशा दिवसांत मन हळवं होतं, लीलाबाई. घरी जा, आराम करा." हळवं म्हणे! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण मनातून वाटलं, खरंच तसं असू दे रे देवा.

डोहाळजेवणाला मला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. प्रयोगशाळेतलं मोठं टेबल धुऊन त्यावर पंगत मांडलेली. निसार, आमचा फोटोग्राफर, फोटो काढत होता. अक्का ओटी भरत होत्या आणि पोर आत नुसतं धुडगूस घालत होतं. मी हसत होते गं. इतकी हसले नव्हते कधी.

मध्येच ते थांबलं.

मी पोटावर हात ठेवला. दमलं असेल, म्हटलं. टेबलाभोवतीची गर्दी हळूहळू आतल्या खोलीकडे सरकत होती. रांग लागली होती. मी निसारला विचारलं, "तिकडे काय आहे रे?"

"तुमचीच स्लाइड, मॅडम! सरांकडं दुसरी किल्ली हाय न्हवं? म्हनले, जिच्यामुळं पेपर निघाला ती समद्यास्नी बघू दे. तुम्हांस्नी न सांगता ठेवायची म्हनले, गंमत म्हनून."

आतून अक्कांचा आवाज आला, "अगं बाई! धडधडतंय की गं हे! जित्तं हाय व्हय?"

मी उठले. ओटीतला नारळ खाली आपटला. रांगेतली सगळी माझीच माणसं, मायेची, हसत हसत म्हणत होती, "आलीस? बघ की, बघ की..." त्यांना ढकलत मी आत घुसले. सर भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. त्यांना ठाऊक होतं, काचेखालचं ते वर्षापूर्वीच मेलेलं आहे. बाकीच्यांना कुठलं कळायला? मी वायर उपटली.

अंधारात उभी राहिले. मी लाथेची वाट बघत होते... हल रे. एकदाच हल.

रात्री डॉक्टरीणबाईंनी कान लावला आणि मान हलवली. बाळासो कारखान्यातून आला तो दारातच खाली बसला. त्यानंतर त्यानं कधी माझ्या अंगाला हात लावला नाही. पेपर छापून आला, मी उघडलासुद्धा नाही. सर स्लाइड फोडायला निघाले होते, मी हिसकावून घेतली. कशी फोडू देऊ? माझं पोर दुसरं कुठं आहे?

तेव्हापासून रोज दिवा लावते. ते धडधडतं, मी बघत बसते. नऊ वर्षं त्यात तसूभर फरक नव्हता. या पावसाळ्यापासून मात्र ते वाढायला लागलंय. आधी डोळ्याचा ठिपका आला. मग हाताला कोंब फुटला. काल त्याला बोटं फुटलेली दिसली. पक्ष्याच्या पंखात तीन बोटं असतात, हे तू मुलांना शिकवतेस. मी पुन्हा पुन्हा मोजली, जरीना. पाच आहेत.

तू पावसाळ्यात रुजू झालीस. तुला दिवस गेलेत, पाचवा लागलाय, हे मला परवा अक्कांकडून कळलं, आणि कालपासून डोळ्याला डोळा नाही. आतला दिवा सकाळपासून चालू आहे. मी उठून मालवायला हवा, कळतंय मला. दहादा उठले, दारापर्यंत गेले. हात उचलत नाही गं... त्यानं मूठ मिटलेली मी पाहिलीय.

तूच जा आत. ही घे किल्ली. तूच मालव, मी अडवणार नाही. नाही अडवणार बहुतेक.

पण आधी पोटावर हात ठेव, आणि खरं सांग. आज सकाळपासून हललंय का?

अगं, बोल की... जरीना?