नवे म्हणून दिलेले बूट

बूट उसने मागू नकोस, इरा. उद्या शनिवार, दुकानं उघडी आहेत. मी स्वतः तुला नेऊन नवे घेऊन देतो. का, ते सांगतो. पण मध्ये कुणी हसायचं नाही. गौरांग, तो दिवा बारीकच राहू दे.

इथेच झिंडेलफिंगेनला माझ्या ओळखीचा पद्माकर होता, जर्मन गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. माणूस सरळ, पण दुसऱ्याचं बरं झालं की याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. नव्व्याण्णव साली त्याने इक्वेडोरच्या ज्वालामुखींवर गाइडबरोबर चढायची टूर ठरवली. भारीतले बूटही घेतले. मग मुलगी झाली, घर घेतलं, टूर राहिली. बूट खोक्यात, खोकं खाली तळघरात, केलरमधल्या फळीवर. आठ वर्षं.

दोन हजार सातमध्ये, याच्याच हाताखाली शिकलेला पुष्कर याच्या डोक्यावर टीमलीडर झाला. आणि निघाला कुठे? त्याच टूरला! वर घरी येऊन विचारतो, "दादा, तुमचे बूट द्याल? आपलं माप एकच आहे."

पद्माकरने खाली जाऊन खोकं उघडलं. अंगठ्याने सोल दाबला, तर कडेचा चुरा बोटाला लागला. बूट नुसते पडून राहिले की सोल आतून कुजतो, वरून कळत नाही. टूरच्या माहितीपत्रात ठळक लिहिलेलं होतं, पाच वर्षांहून जुने बूट आणू नका. याला ते पत्रक पाठ होतं.

पुष्करने विचारलंच, "किती जुने आहेत?"

"मागच्याच वर्षी घेतलेत. घातलेसुद्धा नाहीत."

जिवावर उठला नव्हता हो तो. पोराला अर्ध्या वाटेवरून परत यावं लागावं, एवढंच. मला नाही तर तुलाही नाही. विमानतळावर सोडायला गेला तेव्हा खरं सांगायचं तीनदा ओठांवर आलं. तेवढ्यात पुष्कर म्हणाला, "आलो की बूट मीच खाली नेऊन ठेवीन. घेतले त्या जागी." त्याचा तो हसरा चेहरा पाहून हा पुन्हा जळला. "जा, उशीर होईल," एवढंच म्हणाला.

चोवीस नोव्हेंबर. शनिवार, त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळचे सव्वासहा, बाहेर मिट्ट काळोख. त्याच्या बायकोने, मालिनीवहिनींनी आकाशकंदील उतरवला होता. म्हणाल्या, "अहो, एवढा खाली ठेवून या."

केलरचा दिवा तीन मिनिटांनी आपोआप विझतो, ठाऊक आहे तुम्हाला. हा कंदील गुंडाळत होता. दिवा विझला.

जिन्यावर पावलं वाजली.

खट्... सप्. खट्... सप्.

एक पाय बुटाचा. दुसरा... ओला, मऊ.

"कोण आहे?"

खट्... सप्.

बटण दाराबाहेर होतं. पावलंही तिथेच थांबली.

मग आत आली. याच्या अगदी जवळून गेली. गार हवा अंगावरून गेली. फळीवरचं खोकं उघडल्याचा आवाज... काही तरी ठेवल्याचा... झाकण लागलं.

मग काही नाही.

भिंत चाचपत त्याने दिवा लावला. कुणी नव्हतं.

आठ वाजता मैथिलीचा फोन आला, पुष्करच्या बायकोचा. पुष्कर गेला. शिखर गाठून उतरताना उजव्या बुटाचा सोल निघाला, पाय सटकला... गाइडने वेळ सांगितली होती. तिथले दुपारचे सव्वाबारा. तिथलं घड्याळ आपल्या सहा तास मागे. म्हणजे इथले किती, ते मोजा तुम्हीच.

सोल तिथल्या लोकांना सापडला नाही. दोन दिवस शोधला.

पद्माकरने सकाळी खोकं उघडलं. आत उजवा सोल. ओला. खाचांत काळी रेती.

पुढे तो नोकरी सोडून पुण्याला गेला. मैथिलीला खरं सांगायची हिंमत झाली नाही त्याची. मला सांगितलं, आणि खोकं माझ्या केलरमध्ये ठेवून गेला. दोन वर्षं झाली. खाली हीटरशेजारी आहे, कोरड्या जागेत.

काल पाहिला मी.

सोल अजून ओलाच आहे.