आतून धुतलेला बाजा

नोमानभाईंना पितळ कळत नाही, चकाकी कळते. कुवेतहून परतल्यावर त्यांनी पनवेलमधल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल बांधला आणि बंद पडलेल्या बँड पार्ट्यांची वाद्यं जमवायला सुरुवात केली. जमवायला म्हणजे काय, तर कळंबोलीच्या भंगारवाल्यांच्या आधी पोहोचायला. कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, सगळं चिंचेने घासून, वर पारदर्शक लॅकरचा फवारा मारून भिंतीला टांगलेलं. जुन्या पितळेवर तो तपकिरी थर कसा धरतो आणि तो का जपायचा, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं.

"प्राची मॅडम, गंज तो गंज," ते म्हणाले.

पितळ गंजत नाही. मी पदार्थविज्ञान शिकलेय, शिकवायची हौस मला नाही. न्यू पनवेलमधल्या आमच्या रिकाम्या गॅरेजात मी वाद्यं दुरुस्त करते. ज्यांची असतात त्यांच्यापेक्षा ती वाद्यं मला शहाणी वाटतात.

ऑगस्टमध्ये नोमानभाईंनी एक युफोनियम आणलं. मांडीवर घेऊन वाजवायचं, जाड नळीचं, खर्जातलं वाद्य. उरणकडच्या एका कोळी बँडमध्ये ते वर्षानुवर्षं हळदीला वाजलं होतं. कर्ण्याला, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाला, पोचे पडले होते, व्हॉल्व्ह घट्ट बसले होते. वाजवणारा विठू दम्याने घरी बसला, म्हणून विकलेलं. त्याची बायको सोनाबाई गाडीतून बरोबरच आली होती.

"बाय, वरून कितीबी चमकव," ती मला म्हणाली. "आतून धू नको."

"का?"

"वाजवनारा जिता हाय तवर आमच्यात बाजा आतून धुवत नाय. मानूस गेला का आमीच खाडीवर नेतो नि धुतो. त्याचा दम हाय त्याच्यात."

"दम नाही, थुंकी आहे. थुंकी, चुनखडी आणि बुरशी."

नोमानभाई खो खो हसले. "मावशी, बाजा विकला ना? अब दम भी हमारा!"

"बाजा इकला," सोनाबाई म्हणाली. "नवरा नाय इकला."

"बरं," मी म्हणाले. हट्टी मुलाला म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते धुतलं. न धुता व्हॉल्व्ह सुटले नसते, आणि कोणाच्या खाडीसाठी मी बुरशी सांभाळणार नव्हते. सगळे भाग वेगळे केले, टबात कोमट पाणी घेतलं, सायट्रिक आम्ल घातलं आणि युफोनियम पूर्ण बुडवलं. नळ्यांतून काळपट हिरवा गाळ निघाला. त्याला ओल्या जाळ्यांसारखा वास होता. मग बुडबुडे आले. आम्ल चुनखडीला लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे शाळेतलं पोरही सांगेल.

फक्त हे बुडबुडे झुपक्याने येत होते. एक झुपका, मग खंड. पुन्हा झुपका, पुन्हा खंड. थोड्या वेळाने मला जाणवलं की माझा श्वासही त्याच लयीत चाललाय. स्वतःचाच राग आला.

फोन वाजला. सोनाबाई.

"बाय, धुवलास काय?"

"नाही."

"यांना दम लागलाय. पान्यात बुडल्यासारखं करतान."

"पावसाळी हवा आहे. दवाखान्यात न्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्लाचं पाणी ओतून टाकलं, साधं भरलं. आता रासायनिक क्रिया व्हायला काहीच उरलं नव्हतं. बुडबुडे येत राहिले. नळीत हवा अडकली असेल? व्हॉल्व्ह काढलेली, सगळीकडून उघडी नळी हवा धरून ठेवत नाही. मी युफोनियम बाहेर काढलं. पाणी गळून गेलं आणि आतून एक लांब घरघर आली, आत ओढल्यासारखी. कर्ण्यासमोर तळहात धरला. ऊब लागली. पाणी कोमट होतं, मी मनात म्हणाले. साधं पाणी मी नळाचं, गार भरलं होतं.

मी ते पुसलं, जोडलं, व्हॉल्व्हला तेल दिलं. काम उत्तम झालं होतं.

सकाळी सोनाबाईचा पुन्हा फोन. आवाजात हसू होतं. "बरे हायत! घरघर नाय, खोकला नाय. बाजा मागतान. एकदाच वाजवू दे, बाय."

"असली प्लेअर के साथ व्हिडिओ!" नोमानभाई खूश झाले. हॉलमध्ये लावायला त्यांना तेवढंच हवं होतं. द्रोणागिरीची गोदामं मागे टाकत आम्ही कोळीवाड्यात पोहोचलो. लख्ख ऊन पडलं होतं. बोंबील वाळत होते.

विठू ओट्यावर ताठ बसला होता. हाडकुळा, गंजीफ्रॉकातला, हसरा.

"आली काय धोबीन!" तो म्हणाला.

सोनाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिचं हसू गेलं.

"धुतलं म्हणूनच बरे झालात," मी म्हणाले. या लोकांना उपकार कधी कळत नाहीत.

त्याने बाजा मांडीवर घेतला आणि तोंडाला लावला. हळदीच्या गाण्याचा पहिला सूर निघाला. मऊ, भरलेला, खोल. नोमानभाईंनी मोबाइल वर धरला.

सूर थांबला नाही.

गालात हवा धरून नाकाने श्वास घेत वाजवणारे असतात. मी त्याचे गाल पाहिले. ते फुगलेले नव्हते. छाती पाहिली. गंजीफ्रॉक हलत नव्हता.

नोमानभाईंचा मोबाइल हळूहळू खाली आला.

विठूने बाजा तोंडापासून काढून मांडीवर आडवा ठेवला. सूर तुटला. ओठ हसतेच राहिले, बुबुळं कर्ण्याकडे वळून थांबली.

कर्ण्यातून घरघर सुरू झाली. मग खंड. मग घरघर.

"मॅडम, आत पाणी राहिलंय ना?" नोमानभाईंनी विचारलं. मला हो म्हणायचं होतं.

सोनाबाईने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती गुडघ्यांवर बसली, पदराने कर्ण्याची कड पुसली आणि आत वाकून हळूच विचारलं,

"अवो, चाय घेनार काय?"