खुर्ची गप्प राहिली ती अकरा पानं

त्या दुपारी चष्मेवाल्यांनी काढलेलं काम अगदी साधं होतं. दुकानाच्या वरच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टेकवायच्या, खिडकीला जाड पांघरूण ठोकायचं आणि वेताची खुर्ची खाली दुकानात नेऊन ठेवायची. यात घाबरण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण खुर्ची उचलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मान फिरवून, अंदाजाने हात घालून उचलली आणि जिना उतरता उतरता पुटपुटले, "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. रागावू नकोस."

चष्मेवाले म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. गल्लीत दुसऱ्या नावाने त्यांना कोणी ओळखत नसे. नंबर काढून देणं हा धंदा आणि कादंबऱ्या लिहिणं हे व्यसन. चार प्रकाशकांनी साभार परत पाठवल्यावर नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्यांनी स्वतःच छापायला सुरुवात केली. तीन कादंबऱ्या झाल्या, तिन्हींचे गठ्ठे पलंगाखाली गेले. विकायची युक्ती मात्र नामी होती हं! जवळचा नंबर तपासताना गिऱ्हाइकाच्या हातात अक्षरांच्या कार्डाऐवजी आपल्याच कादंबरीचं पहिलं पान द्यायचे. "वाचा मोठ्याने. स्वच्छ दिसतंय ना?" गिऱ्हाईक बिचारं पाच-सहा ओळी वाचायचं आणि म्हणायचं, "हो हो, दिसतंय. पुरे." ते 'पुरे' जिव्हारी लागायचं. गिऱ्हाईक गेलं की ज्या ओळीला ते थांबलं तिथे चष्मेवाले बारीक खूण करून ठेवायचे.

खरी परीक्षा मात्र वरच्या खोलीत व्हायची. दुपारी दुकान बंद असताना बायकोला वेताच्या खुर्चीत बसवून ते नवं लिखाण वाचून दाखवायचे. ती बाई तोंडाने काही बोलायची नाही. लिखाण जिथे खोटं पडलं तिथे नुसती हलायची आणि खुर्ची कुरकुरायची. की यांनी पेन्सिलीने वाक्य खोडलंच. वीस वर्षं हेच चाललं होतं. नवरा-बायको भांडतात, या घरात भांडायचं काम खुर्चीकडे दिलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. एकुलती एक लेक दूरच्या शहरात नर्स आहे, ती धावत आली. आईच्या उशाशी बसून तिने बापाला एकच विचारलं होतं, "बाबा, त्रास झाला का तिला? काही म्हणाली?"

"झोपेतच गेली, बाळा. हूं की चूं केलं नाही."

लेकीने ते मानलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढंच. पण चष्मेवाल्यांना त्या फोनाशिवाय जगात दुसरं माणूस उरलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या फोनापाशीच येऊन थांबलं.

बायकोच्या मागे अर्धवट राहिलेली चौथी कादंबरी त्यांनी हाती घेतली. 'बोगद्याचा राखणदार'. सवय सुटत नव्हती, म्हणून रिकाम्या खुर्चीसमोर बसून वाचायला लागले. तिसऱ्याच दुपारी, राखणदाराच्या तोंडी एक भारदस्त वाक्य घातलं होतं तिथे... कुर्रर.

अंगावर सर्रकन काटा आला. मग ते स्वतःला म्हणाले, वेत आहे, हवा कोरडी झाली की आक्रसतो. पण वाक्य खोडलं. दुसऱ्या दिवशी दोनदा कुरकुर झाली, तीही वाक्यं खोडली. वर्षभर हे चाललं. भीती वाटायची, नाही असं नाही, पण लिखाण सुधारत होतं ना! पुस्तक छापून आलं आणि पहिल्यांदाच नंबर काढायला आलेल्या एका बाईंनी पहिलं पान संपवून दुसरं उलटलं. चष्मेवाले म्हणाले, "पुरे, दिसतंय तुम्हाला." त्या म्हणाल्या, "थांबा हो जरा." चष्मेवाल्यांना तिथेच रडू कोसळायचं बाकी होतं.

एक खोट मात्र त्यात राहिली होती. त्यांचा दोस्त छापखानेवाला फटकळ माणूस. तो छापायच्या आधीच म्हणाला होता, "नववं प्रकरण शेवटी पार ढेपाळलंय. राखणदार बोगद्यातून चालतोय, चालतोय, चालतोय. शेवटची अकरा पानं काप."

"त्या पानांना हात लावायचा नाही," चष्मेवाले एकदम खेकसले. "तिने ऐकलीयत ती. एकदाही कुरकुरली नाही."

छापखानेवाल्याने खांदे उडवले. पुढे त्यानेच सुचवलं की लोकांना आता वाचायला सवड नाही, ते कानाने पुस्तकं ऐकतात. स्वतःच्या आवाजात वाच, एक आवाजवाला माझ्या ओळखीचा आहे, तो साफसूफ करून विकायला ठेवेल. गाद्या टेकवायचं काम निघालं ते यासाठी. खुर्ची खाली नेली ती मध्ये कुरकुर नको म्हणून.

खोलीत गाद्यांचा कुबट वास भरला होता. पांघरुणामुळे भर दुपारी काळोख, टेबलावर एक छोटा दिवा. माइक लावून चष्मेवाले आठ दिवस वाचत होते. खोलीत त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. सगळ्या फाइली आवाजवाल्याला पाठवून दिल्या आणि ते खाली येऊन काचा पुसत बसले.

चौथ्या दिवशी आवाजवाल्याचा फोन आला. "काका, ती खुर्ची काढा ना तिथून. फार कुरकुर येतेय."

चष्मेवाल्यांनी समोर पाहिलं. खुर्ची दुकानात, आरशाखाली होती. "खुर्ची नाहीये तिथे," ते म्हणाले.

"बरं, मग पलंग असेल. आणि काकूंना सांगा, रेकॉर्डिंग चालू असताना बोलू नका म्हणावं."

"कोण... कोण बोलतंय?"

"नवव्या प्रकरणात. 'अहो... जरा थांबता का,' असं म्हणतात. मग धाप लागल्यासारखा श्वास, मग 'पाणी'. मग परत 'अहो'. शेवटची अकराएक पानं काही नाही. खुर्चीही गप्प आहे."

आता तुम्हाला सांगायलाच हवं. बायको झोपेत गेली नव्हती. ती त्या खुर्चीत गेली, नववं प्रकरण ऐकताना. त्या दुपारी खुर्ची सारखी कुरकुरत होती आणि यांचा पारा चढत होता. ती म्हणाली, "अहो, जरा थांबता का..." हे म्हणाले, "मध्ये बोलू नकोस, लय तुटते. एवढं प्रकरण संपू दे." ती पाणी म्हणाली. यांनी आवाज चढवला आणि मान वर न करता वाचत राहिले. मग खुर्ची शांत झाली. ती शांत झाली म्हणून यांना काय आनंद झाला! शेवटची ओळ वाचून हसत हसत त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बघ, अकरा पानं, एकदाही कुरकुरली नाहीस."

"काढून टाका तो आवाज," चष्मेवाले फोनवर कसंबसं म्हणाले.

"निघत नाही, काका. तुमच्या आवाजाच्या आतच बसलाय. तुमचा आवाज काढला तरच निघेल." आवाजवाल्याने पुढे जोडलं. "पण खरं सांगू का? राहू द्या. बोगद्यातून कुणी बाई हाक मारतेय असं वाटतं. माझी पाचावर धारण बसली होती. लोक उचलून धरतील."

'नको' हा शब्द चष्मेवाल्यांच्या ओठांवर आला होता. पण पलंगाखालचे गठ्ठे आठवले, ती सगळी 'पुरे, पुरे' आठवली. लेक आपली पुस्तकं कधी वाचत नाही, तिला सवड कुठली, हेही आठवलं. "बघा बुवा तुम्हीच," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

आवाजवाल्याचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. लोक ऐकायला लागले, एकमेकांना ऐकवायला लागले. 'नवव्या प्रकरणातली ती बाई कोण? काळजात चर्र होतं.' 'आत्तापर्यंत ऐकलेला सगळ्यात खरा अभिनय.' जुन्या कादंबऱ्यांचे गठ्ठेही खपले आणि पलंगाखाली वीस वर्षांत पहिल्यांदा केरसुणी फिरली. छापखानेवाला पाठीवर थाप मारून म्हणाला, "ती अकरा पानं कापली नाहीस ते बरं केलंस गड्या, त्या हाकेनंतर इतकी अंगावर येतात की ऐकवत नाहीत." चष्मेवाले हसले. हसताना ते आरशाखालच्या खुर्चीकडे पाहायचं टाळत होते.

एका रविवारी सकाळी फोन आला. लेकीने जेवलात का हे विचारलं नाही.

"बाबा, वॉर्डातल्या मैत्रिणीने ऐकवलं. काल. ती बाई कोण आहे?"

"ती... एक कलाकार बाई आहेत. आवाजवाल्याच्या ओळखीच्या."

"मला आईचा आवाज ओळखू येणार नाही?" लेकीचा आवाज अगदी खाली होता. "तो श्वास मी रोज ऐकते, बाबा. अशा माणसाला काय झालेलं असतं ते मला ठाऊक आहे. तिने पाणी मागितल्यापासून प्रकरण संपेपर्यंत बावीस मिनिटं आहेत, मी घड्याळ लावून बघितलं. बावीस मिनिटांत मी माणसं जगवलीयत."

चष्मेवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुम्ही ते रेकॉर्ड केलंत. आणि विकायला ठेवलंत."

"नाही गं, बाळा... ते तेव्हाचं नाही. मी गेल्या महिन्यात..." ते मध्येच थांबले. काय सांगणार? गेल्या महिन्यात बंद खोलीत एकटाच वाचत होतो म्हणून? पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. यांनी केलेले फोन ती उचलत नव्हती. शेवटी चष्मेवाल्यांनी ठरवलं की नववं प्रकरण काढून टाकायचं आणि तिथे खरं काय झालं ते लिहायचं, वाचायचं. ती ते ऐकेल, निदान एकदा तरी ऐकेल. शनिवारी दुपारी त्यांनी खुर्ची परत वर नेली, समोर ठेवली. शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. माइक चालू केला.

"तिने हाक मारली, ती मला नीट ऐकू आली नाही," त्यांनी वाचलं.

कुर्रर.

त्यांनी पेन्सिल उचलली, वाक्य खोडलं. "हाक ऐकू आली, पण मला वाटलं तिला कंटाळा आलाय."

कुर्रर. अंधारात वेताचा तो आवाज फार जवळून आला. गाद्यांच्या कुबट वासात आता तिच्या केसांच्या तेलाचा वासही मिसळला होता. खोडत गेले, लिहीत गेले. दर वाक्याला खुर्ची कुरकुरत होती. सगळी कारणं खोडून झाल्यावर कागदावर एवढंच उरलं.

"मला सगळं ऐकू आलं. 'पाणी' ऐकू आलं. श्वास ऐकू आला. मला माझं प्रकरण संपवायचं होतं, म्हणून मी वर पाहिलं नाही."

खुर्ची गप्प राहिली.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. पेल्यातलं पाणी काठोकाठ तसंच होतं. खुर्चीची वेताची बैठक मात्र मध्ये दबलेली होती, आणि ती हळूहळू, एकेक वेत करत वर येत होती. ते बघतच राहिले. मग कसेबसे उठले, फाइल आवाजवाल्याला पाठवली आणि खाली येऊन दुकानातल्या बाकावर आडवे झाले.

सकाळी जाग आली ती आवाजवाल्याच्या मेसेजने. 'काका, फाइल मिळाली. पण तुमचा आवाज त्यात कुठेच नाही. चाळीस मिनिटं नुसती खुर्ची कुरकुरतेय. शेवटी त्या काकू एकदाच म्हणतात, "हं. आता बरोबर." परत वाचून पाठवता का?'

मेसेज वाचून होतोय तोच फोन वाजला. लेक! रविवार होता ना. चष्मेवाल्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला आणि तिने काही म्हणायच्या आत सांगायला सुरुवात केली. खुर्ची, हाक, पाणी, अकरा पानं, सगळं. काही लपवलं नाही. मला क्षमा कर म्हणाले. रडले.

"हॅलो?" लेक म्हणाली. "बाबा? हॅलो... आवाज येत नाहीये."

ते ओरडले. घसा दुखेपर्यंत ओरडले, बाळा, मी आहे, मी बोलतोय.

"काही ऐकू येत नाहीये... नुसतं काहीतरी कुरकुरतंय."

ती कान देऊन ऐकत असावी. मग लहानपणी काळोखात विचारायची तसं तिने अगदी हळू विचारलं,

"आई... तू आहेस का?"

चष्मेवाले दुकानाच्या मधोमध फोन कानाला लावून उभे होते. खुर्ची वरच्या खोलीत होती.