सहाशे एक्केचाळिसावा शब्द

आमचं शब्दकोशाचं साधन दिसायला अगदी रुक्ष. ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर शब्द टाइप करायचा, पुढे भाषा लिहायची, खाली अर्थ उमटतो. त्यात एकोणपन्नास भाषा होत्या. पन्नासावी मी घातली आणि आठवडाभर ऑफिसात कॉलर ताठ करून फिरलो.

ती माझ्या आजोळची भाषा. बोलणारी एकटी मावशी उरली होती. दर रविवारी अकराला मी तिच्याकडे जायचो. ती सांगायची, मी लॅपटॉपवर उतरवायचो. पण एका शब्दावरून मावशीचं गाडं कुठल्या कुठे जायचं, आणि मला कंटाळा यायचा. सहाशे चाळीस शब्द झाल्यावर यादीपुढे ‘पूर्ण’ असा शेरा मारून मी मोकळा झालो.

फोनवर ती म्हणाली, “अरे, अजून पुष्कळ आहेत. येशील ना रविवारी?”

“बघतो गं, मावशी.”

कसलं बघतो! चार रविवार गेले, आणि मग मावशीच गेली.

महिन्याभराने यादी उघडली, तर आकडा सहाशे एक्केचाळीस. ‘पूर्ण’ झालेल्या यादीत माझ्याशिवाय कुणालाच भर घालता येत नाही. ते कुलूप मीच घातलेलं. नवा शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. अर्थ होता: ‘येणाऱ्यासाठी मांडलेली आणि संध्याकाळी उचलून ठेवलेली खुर्ची.’ नोंद रविवारची, सकाळी अकराची.

“झोपेत तूच टाइप केलं असशील,” बायको म्हणाली.

“सकाळी अकराला?”

“हल्ली रविवारी तेव्हा झोपलेलाच असतोस.”

मी पासवर्ड बदलला. पुढच्या रविवारी लॅपटॉप कपाटात बंद करून आम्ही दोघं मेहुणीकडे गेलो. परत येऊन पाहिलं. ‘दोघांसाठी ठेवलेला आणि एकीने प्यालेला चहा.’ त्याच्या पुढच्या रविवारी: ‘वाजला नसताना उचललेला फोन.’ बायकोने तो अर्थ वाचला, लॅपटॉप मिटला आणि ती आत गेली.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज. तिच्याजवळ बसायला मला आठवड्यातून दोन तास जड झाले होते.

मी शेरा खोडला, कुलूप काढलं. रविवारी पावणेअकरालाच लॅपटॉप उघडून बसलो.

“सांग मावशी,” मी म्हणालो. “आज मला कुठे जायचं नाही.”

अकरा वाजले.

काही नाही.

अकरा-दहाला अक्षरं उमटू लागली. एकेक. मध्येच थांबत.

शब्द लांबलचक होता. खाली अर्थ आला: ‘उशिरा आलेल्याला दार न उघडता आतूनच सांगणं, की आता राहू दे.’

त्यानंतर एकही नोंद नाही. दर रविवारी मी तो शब्द मोठ्याने म्हणून बघतो. बरोबर म्हणतोय की चूक, हे सांगणारं कुणी नाही.