अर्धी गोळी, सोमवार-गुरुवार

पहिल्याच भेटीत ती त्याच्या दुकानात मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, हातात गोळ्यांची पट्टी, आणि काउंटरवरून वाकलेला औषधवाला... चष्मा नाकावर घसरलेला.

"सकाळी काय खाल्लंत?" पाणी पुढे करत त्यानं विचारलं.

"अर्धी गोळी."

"आणि त्याआधी?"

"...काही नाही."

तो हसला नाही, त्यामुळे ती जास्तच खजील झाली. मामाच्या कारखान्यात ती पुस्तकं बांधायची. पाच महिने पाळी नव्हती, आणि गेल्या महिन्यात कपड्यांवर दुधाचे डाग दिसले होते. लग्न नाही, मूल नाही, आणि दूध! तिची झोपच उडाली. डॉक्टर म्हणाले, प्रोलॅक्टिन वाढलंय, मेंदूखालच्या ग्रंथीवर बारीकशी गाठ आहे, साधी आहे, गोळीनं आटोक्यात येईल. पण गोळीसोबतच्या कागदावर तिनं भलतंच वाचलं होतं.

"ही हात थरथरणाऱ्यांची गोळी आहे ना?" तिचा आवाज बारीक झाला. "माझं सगळं पोट या हातांवर आहे हो."

"त्यांनाही देतात, पण मात्रा वेगळी." त्यानं स्टूल ओढलं. "मेंदूतलं एक रसायन दुधाच्या हार्मोनला आवरून धरतं. ते काम ही गोळी करते, एवढंच. आठवड्यातून दोनदा, रात्री जेवल्यावर घ्या. उठताना सावकाश उठा. चक्कर राहिली तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका."

तिचा जीव भांड्यात पडला. त्यानं पाकिटावर लिहून दिलं – सोमवार, गुरुवार.

मग ती दर महिन्याला येऊ लागली. कधी पट्टीसाठी, कधी उगाच चिकटपट्टीसाठी.

"गोळी कशानं कापता?"

"कागद कापायच्या पात्यानं. अगदी रेघेवर."

"बघायला हवं एकदा."

"गोळी की पातं?"

"कापणारीला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "तळ्यापर्यंत चालायला याल?" ती "सांगते" म्हणाली... आणि दुकानात जायचीच बंद झाली. घरी तिला रडू आलं. या माणसाला तिचं सगळं ठाऊक होतं. तो बोलावतोय ते ती आवडते म्हणून, की कीव येते म्हणून? हे विचारायचा धीर होईना, म्हणून तिनं सरळ चौकापलीकडचं दुकान धरलं.

दोन महिन्यांनी तो कारखान्यात हजर. काखेत औषधांचं जाडजूड पुस्तक, पाठ उसवलेली.

"शिवून मिळेल?"

मामानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चिकटवायची खळ बघायच्या निमित्तानं आत सटकला.

"माझ्याशी बोलू नका हवं तर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण गोळी सोडू नका. मी विचारलं म्हणून तुम्ही औषध टाकलं असेल, तर... मला झोप लागत नाहीये."

ती बघतच राहिली. "सोडली नाही. दुसऱ्या दुकानातून घेते."

त्यानं सुटकेचा मोठा श्वास सोडला, आणि मग त्याचा चेहरा पडला. "का?"

"तुमच्यासमोर पेशंट व्हायचं नव्हतं." आता तिला थांबवेना. "पाळी आलीय परत. पण पुढे मूल होईल का, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. आणि कीव करून कुणी बरोबर चाललेलं मला चालणार नाही."

"कीव?" त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दिवसभर शंभर पेशंट येतात. मी कुणाला तळ्यावर बोलावत नाही. चिकटपट्टी न्यायला याल म्हणून काउंटरवर दोन रिळं काढून ठेवतो मी... अजून ठेवलीत."

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"पुस्तक गुरुवारी मिळेल," ती म्हणाली.

"गुरुवार तर गोळीचा."

"गोळी रात्री. तळं संध्याकाळी."

ती पुस्तक घ्यायला झटक्यात उठली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. त्याचा हात पटकन पुढे आला. "सावकाश... सांगितलं होतं ना?"

"आज सोमवार नाही, गुरुवार नाही," त्याचा हात न सोडता ती म्हणाली. "ही चक्कर गोळीची नाही."