भिवाजी मिस्त्रीचा पंधरावा बोल्ट

भिवाजी मिस्त्रीनं वसमतच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, चार लोकांत बोलू नये ते बोलून ठेवलं होतं. कुणीतरी चिडवलं, की मिस्त्री लोक खोललेलं मशीन पुन्हा जोडताना ओंजळभर बोल्ट उरवतात आणि गुपचूप खिशात घालतात. झालं! भिवाजी ताडकन उठला. "ज्या दिवशी माझ्या हातून एक बोल्ट उरंल, त्या दिवशी पाना खाली ठेवीन आन् शेळ्या राखाया जाईन. ध्यानात ठेवा समदे."

बावीस वर्षं पाना धरलेला माणूस. पान्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शेळी तर त्याला डोळ्यांसमोर नको असायची. पण तोंडातून शब्द गेला तो गेला.

त्यामुळं शहात्तर सालच्या वैशाखात कुरुंद्याच्या व्यंकटरावांचा ट्रॅक्टर खोलायचा ठरला, तेव्हा निम्मं गाव शेतातल्या चिंचेखाली येऊन बसलं. कामाचं कुणाला काय पडलं होतं? सगळ्यांना बोल्ट मोजायचे होते. जळबा नावाचा एक अवली गडी तर येताना दाव्याला बांधून शेळी घेऊन आला.

"हे काहून आणलं रे?" भिवाजीनं विचारलं.

"तुमच्यासाठीच, मिस्त्री. आजपासूनच वळख करून घ्या म्हनलं."

चिंचेखाली हशा पिकला. भिवाजीही हसला.

ट्रॅक्टर जुनापुराणा. व्यंकटरावांनी तो नांदेडच्या उत्तमसिंगाकडून घेतला, तेव्हाच त्याचा मूळ रंग कोणता हे सांगायची सोय नव्हती. आता क्लचची प्लेट पार घासली होती. गिअर टाकला की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं जागची हलत नव्हती, आणि मृग तीन आठवड्यांवर आलेला. प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध उकलून दोन करावा लागतो. इंजिन आणि पुढची चाकं एकीकडं, गिअरपेटी आणि मागची चाकं दुसरीकडं. दोन्हीकडं खाली लाकडी ठोकळे द्यायचे, पुढच्या आसाला पाचरी ठोकायच्या, वायरी आणि डिझेलची नळी सोडायची, आणि मग मधल्या जोडाचे चौदा बोल्ट.

ते चौदा बोल्ट सांभाळायचं काम चांगुणाबाईचं. भिवाजीची बायको. तो जाईल तिथं ती कामाला सोबत जायची आणि जाताना एक गोणपाट न्यायची. गोणपाट मऊ मातीवर अंथरायचं, त्यावर कोळशानं जोडाचा गोल आखायचा, आणि मशीनला जिथं जिथं बोल्ट तिथं तिथं दाभणानं भोक पाडायचं. निघालेला बोल्ट आपापल्या भोकात उभा. बसवताना पुन्हा तसाच उचलायचा. बाईला अक्षर येत नव्हतं, पण चूक म्हणून नव्हती.

"एक," ती म्हणाली आणि पहिला बोल्ट खोवला.

"एक!" अख्खं गाव ओरडलं.

तेरापर्यंत असंच चाललं. चौदाव्याला भिवाजीनं हात वर केला तशी सगळी गप्प झाली. शेवटचा बोल्ट हाताला वेगळाच कळतो. सगळा ताण त्याच्यावर आलेला असतो, म्हणून आधी तो जड जातो आणि मग एकदम सैल पडतो. तो सैल पडला. भिवाजीनं काढून बायकोकडं दिला आणि पान्यानं लोखंडावर दोन ठोके दिले. ठण्, ठण्. ही त्याची खूण. इंजिनाआड उभ्या गड्यांना मिस्त्री दिसत नाही, म्हणून दोन ठोके पडले की ओढायचं. चौघांनी जोर लावला आणि ट्रॅक्टर मधोमध उकलला.

"फाकला की रं!" एक म्हातारा आनंदानं म्हणाला.

नवी प्लेट बसली. पुढचा भाग ढकलत आणून जोडला. चांगुणाबाई एकेक बोल्ट देत गेली, भिवाजी आवळत गेला, गाव उलटं मोजत गेलं. शेवटचा आवळून भिवाजीनं कपाळ पुसलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"बघा रं, कुनाला बघायचं त्यानं."

 सगळे गोणपाटाकडं बघत होते.

गोलाच्या बरोबर मधे एक बोल्ट उभा होता.

असा गलका उठला की चिंचेवरचे कावळे उडाले. जळबानं शेळीचं दावं सोडून भिवाजीच्या हातात दिलं. भिवाजीचं तोंड उतरलं. कानशिलं तापली. त्यानं जोडाभोवती बोट फिरवत भोकं मोजली. चौदाच्या चौदा भरलेली.

"मधे मी भोक पाडलंच न्हाई," चांगुणाबाई हळूच म्हणाली.

तिनं बोल्ट उपसला. तसाच होता, त्याच मापाचा. फक्त तेलानं ओलागच्च, आणि सावलीत असून ऊन ऊन.

"जळबा, तुझी मस्करी दिसून राहिली मला."

"आईशप्पथ न्हाई, मिस्त्री! मी तर शेळी धरून बसलो व्हतो."

ते खरं होतं. शिवाय शेळी गोणपाटाच्या जवळ यायलाच तयार नव्हती. चारी पाय रोवून मागं मागं ओढत होती.

भिवाजीनं तो बोल्ट व्यंकटरावांच्या हाती दिला. "राव, मूठ झाका. मी सांगस्तोवर उघडू नका. पुन्यांदा खोलतो."

"अवो मिस्त्री, भाकर तरी खा आधी."

"घास उतरायचा न्हाई."

पुन्हा पाचरी, पुन्हा चौदा, पुन्हा दोन ठोके. जोड उकलला. भिवाजीनं आत मुंडकं घालून पाहिलं, बोटं फिरवली. मधोमध नुसता शाफ्ट, बोल्टाला तिथं जागाच नाही. पुन्हा जोडला. या खेपेला जळबाला लांब बांधावर बसवलं होतं, आणि चांगुणाबाईनं गोणपाटावरून नजर हलू दिली नाही. फक्त चौदावा बोल्ट नवऱ्याच्या हातात देताना तिनं मान वळवली. तेवढीच.

वळून पाहिलं तर मधे पुन्हा एक उभा. तिनं तोही उपसून बाजूला ठेवला.

"राव, मूठ उघडा," भिवाजी म्हणाला.

व्यंकटरावांनी मूठ उघडली. पहिला बोल्ट तिथंच होता. तळहात लाल झाला होता. "लई तापून राहिला हो हा," ते म्हणाले आणि बोल्ट झटकून टाकला.

आता कुणी हसलं नाही. भिवाजी मटकन खाली बसला. पाना समोर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि त्यानं ते लपवलंही नाही. "संपलं, चांगुणा. एक न्हाई, दोन उरले."

चांगुणाबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली.

"किती काढले?" तिनं बांधावरून जवळ आलेल्या जळबाला विचारलं.

"चौदा."

"बसवले किती?"

"चौदा."

"मंग जे आमी काढलंच न्हाई, ते आमच्या हातून उरलं कसं? गाय आपल्या दावनीची न्हाई, तर वासरू आपलं कसं व्हईल? सांगा की!"

गाव विचारात पडलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली. व्यंकटराव म्हणाले, "बाई बराबर बोलून राहिली." जळबानं डोकं खाजवलं, हसला, आणि शेळीचं दावं परत आपल्या हातात घेतलं. "मिस्त्री, तुमी सुटले. बाईमुळं सुटले, पन सुटले."

भिवाजीनं पाना उचलला आणि कपाळाला लावला. त्याला वाटलं, बायकोला तिथंच उचलून नाचावं.

व्यंकटराव ट्रॅक्टरवर चढले. इंजिन धडधडलं, गिअर पडला, आणि ट्रॅक्टर हिसका न देता चालू लागला. पोरं मागं धावली, माणसं मागं धावली, जळबा शेळीला ओढत धावला. कुणीतरी शिट्टी मारली. गुळाच्या चहाचं आवतण बांधावरूनच आलं. आवाज लांब लांब होत गेला, आणि चिंचेखाली नवरा-बायको दोघंच राहिली.

"कशी बोलली म्हनून सांगू तू! वकिलीन व्हायला पायजे व्हती."

"उचला आता हत्यारं. चहा निवून जाईल."

ती गोणपाट गुंडाळायला वाकली. गोणपाट उचलेना.

मधे पुन्हा एक होता.

भिवाजी गुडघ्यावर बसला. उन्हं अजून होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. बोल्ट फिरत होता. हळू, डावीकडं, खोलताना फिरतो तसा, आट्यामागून आटा, जमिनीतून वर येत होता.

"आपन काढून राहिलो का हा?" चांगुणाबाई म्हणाली.

 सवयीनं भिवाजीचा हात पुढं गेला आणि त्यानं बोल्ट चिमटीत धरला. तो जड होता, फार जड, बावीस वर्षांत इतका ताण त्याच्या बोटांना कधी लागला नव्हता.

मग तो एकदम सैल पडला.

लांब बांधावर शेळी ओरडली.

आणि त्यांच्या पायांखाली, खोल, कुणीतरी लोखंडावर दोन ठोके दिले.