बोक्या भुंकत नाही

कुत्रा चालेल का, हे मी हल्ली घरमालकाने फोन उचलल्या उचलल्याच विचारून टाकायचो. खिडक्यांच्या प्रेमात पडून मग नकार ऐकण्यापेक्षा ते बरं. कुणी तोंडावर नाही म्हणायचं, कुणी सोसायटीवर ढकलायचं. एका बाईंनी तर लग्न झालंय का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "तरीच."

आधीच्या मालकाने घर विकल्यापासून मी आणि माझा म्हातारा कुत्रा बोक्या ताईकडे पडून होतो. मेव्हण्यांना दमा. ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यांचा खोकला मला ऐकवत नसे. शेवटी ताईच म्हणाली, "रविवारपर्यंत बघ. नाहीतर शेल्टरमध्ये सोडून ये त्याला." म्हाताऱ्या कुत्र्यांना तिथून कुणी घरी नेत नाही, आणि मग त्यांना इंजेक्शन देतात, हे तिलाही ठाऊक होतं. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

बोक्याला मी भुंकायचं नाही असं शिकवलं होतं. आजवरच्या घरांत त्याला लपवूनच ठेवावं लागलं. घशातून आवाज निघाला की तोंडावर हात, गप्प बसला की बिस्किट. इतका गुणी निघाला की मांजरासारखा वावरू लागला. नावही त्यावरूनच पडलं.

शनिवारी एजंटचा फोन आला. "साहेब, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. पण मालकीणबाईंना कुत्रा असलेलाच भाडेकरू हवाय."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

जागा खरंच छान होती. मालकीणबाई तळमजल्यावर राहायच्या, त्यांचा दांडगा कुत्रा दारातच बसला होता. त्यांनी माझी नोकरीसुद्धा विचारली नाही. बोक्याकडे बघून म्हणाल्या, "भुंकतो ना?"

"छे हो, हूं की चूं नाही," मी सवयीने बोलून गेलो.

पुढे केलेली चावी त्यांनी मागे घेतली. "मग नाही जमायचं."

हातातोंडाशी आलेलं घर निसटत होतं. "म्हणजे, परक्यांवर भुंकतो," मी म्हणालो. "खूप भुंकतो."

"संध्याकाळी भुंकला म्हणजे झालं. प्रत्येक मजल्यावर एक तरी लागतो."

"कशाला?"

"जिना उघडा आहे ना," त्या म्हणाल्या आणि चावी माझ्या हातावर ठेवली. मी पुढे काही विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी खोकी उघडत होतो. खाली मालकीणबाईंचा कुत्रा भुंकू लागला. तो थांबला आणि पहिल्या मजल्यावरचा सुरू झाला. मग दुसऱ्या मजल्यावरचा, अगदी जिवाच्या आकांताने. जिन्यात पावलं वाजत नव्हती.

मग तोही थांबला.

बोक्या उठून दाराशी गेला. त्याच्या घशात गुरगुर आली. त्याने माझ्याकडे पाहिलं, ती गिळली आणि बिस्किटाची वाट बघत उभा राहिला.

"भुंक," मी म्हणालो.

त्याने शेपटी हलवली.

"भुंक रे राजा, भुंक." माझा आवाज मला ओळखू येईना. शेवटी मीच भुंकलो. चाळिशी उलटलेला माणूस, दाराकडे तोंड करून.

बोक्या दारातून बाजूला सरकला, मी घरी आल्यावर सरकतो तसा. दाराला आतून कडी होती.

चौथ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकलाच नाही.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. नजर कुठे टेकली आहे हे मला सांगावं लागत नाही. बोक्याची नजर दारावरून निघाली, माझ्या डोक्याच्याही वरून सावकाश गेली आणि आतल्या खोलीत थांबली.

ती रात्र मी दिवे लावून बाहेरच्या खोलीत बसून काढली.

सकाळी मालकीणबाई जिन्यात भेटल्या. "भुंकला ना?"

"हो," मी म्हणालो. रविवार होता, आणि दुसरं घर नव्हतं.

वर येऊन बोक्याचं खाणं वाढलं. मी 'खा' म्हटल्याशिवाय तो तोंड लावत नाही.

"खा," मी म्हणालो.

तो बसून राहिला. तोंडाला पाणी सुटलं होतं, पण बघत होता माझ्या खांद्यामागे. मी पुन्हा म्हणालो. तो हलला नाही.

थोड्या वेळाने त्याने शेपटी हलवली आणि खाऊ लागला. तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो.